डबा कापणाऱ्यांस

गेल्या महिन्यात घरातल्या एका साखरपुड्यात पंगत बसली होती. माझ्या शेजारच्या पानावर दूरच्या नात्यातला एक मुलगा होता. नवीन मोटरसायकल घेतलेली, तीही ती उंच, चिखलात-मातीत चालवायची. मला म्हणाला, "आजोबा, पुढच्या आठवड्यात एअरबॉक्स कापून घेणार आहे. पॉवर वाढते." मी म्हटलं, "बाळा, कापू नकोस." एवढंच. तर पलीकडून आमचे एक पुतणे, वय वर्षे पंचेचाळीस, वाढप्याला हातानं थांबवून म्हणाले, "नाना, तुम्ही मराठी घेऊन बीए झालेले. इंजिनातलं तुम्हाला काय कळतं?"

पंगत हसली. मीही हसलो, कारण तोंडात जिलबी होती. पण जिलबी संपली तरी प्रश्न काही खाली उतरेना. तेव्हा मंडळी, आज सविस्तर उत्तर. पुतणे हे पान वाचतात हे मला ठाऊक आहे, प्रतिक्रिया देत नाहीत एवढंच.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्नच चुकीचा आहे. मला काय कळतं हा मुद्दा नाही. मी सांगितलं ते खरं की खोटं, एवढंच बघायचं. सबंध नोकरीभर मुलांना हेच सांगत आलो, की सर म्हणाले म्हणून लिहू नका. (लिहायचेच, ती गोष्ट वेगळी.)

आता ज्यांचा गाड्यांशी संबंध रिक्षात बसण्यापुरता आहे अशा माझ्या बहिणींसाठी आणि कविता लिहिणाऱ्या ब्लॉगमित्रांसाठी थोडं मागं जातो. इंजिन पेट्रोल पितं हे सगळ्यांना माहीत असतं. ते हवा किती पितं हे कुणी विचारत नाही. एक किलो पेट्रोल नीट जाळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. पंधरा किलो हवा म्हणजे सुमारे बारा हजार लिटर! दुसरं गणित करू. दोनशे सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेतंय असं धरा. दर दोन फेऱ्यांना एकदा ते श्वास घेतं, म्हणजे मिनिटाला चार हजार श्वास. प्रत्येक श्वास पाव लिटरपेक्षा थोडा कमी. गुणाकार केला तर मिनिटाला आठशे लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. म्हणजे तुमच्या मांडीखालची ती गाडी शंभर माणसांची हवा एकटी ओढत असते. आणि शंभर माणसांची धूळही.

ही धूळ आत जाऊ नये म्हणून फिल्टर असतो, आणि तो फिल्टर ज्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेला असतो तो एअरबॉक्स. डब्याला हवा घ्यायला एक तोंड असतं आणि बऱ्याच गाड्यांत त्या तोंडाला रबराची किंवा प्लॅस्टिकची एक तोटी असते. तिला स्नॉर्केल म्हणतात. हौशी लोक काय करतात, तर ती तोटी उपटून टाकतात, डब्याच्या झाकणाला भोकं पाडतात किंवा खिडकीएवढा तुकडाच कापून काढतात. युक्तिवाद असा, की कंपनीनं सरकारी नियमांसाठी गाडीचा गळा आवळून ठेवलाय, आपण तो मोकळा करायचा. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद.

ऐकायला बिनतोड वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

इथे एक कबुली. २०२२ च्या दिवाळीत आमचा नातू पुण्याहून गाडी घेऊन सातारला आला. दोनशे सीसीची, फ्युएल इंजेक्शनवाली. (गाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही.) गाडीचे निम्मे पैसे माझ्या निवृत्तीच्या पुंजीतले, त्यामुळे मीही तिच्याभोवती थोडा मालकासारखा फिरत होतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणात सीट काढली, बाजूचं पॅनेल काढलं आणि डब्याचं झाकण हातात घेऊन हॅक्सॉच्या पात्यानं कापायला बसला. संध्याकाळ झाली होती. बॅटरी मी धरली होती. नातवाबरोबर काहीतरी करायला मिळतंय याचाच आनंद इतका होता, की तो घराची तुळई कापत असता तरी मी बॅटरी धरली असती.

आमची सौभाग्यवती फराळाची ताटली घेऊन बाहेर आली. दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, कंपनीनं झाकण उगाच दिलंय का? डब्याचं झाकण ठेवलं नाही तर चकल्या सादळतात." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं त्यातलं."

पंगतीत पुतण्याचा प्रश्न खाली का उतरत नव्हता ते आता कळलं असेल.

झाकण कापलं, गाडी सुरू केली आणि खरंच, काय आवाज! आधी नुसती गुरगुरायची, आता मूठ पिळली की डरकाळी. नातू गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, केवढा फरक पडलाय!" मी मान डोलावली.

पुढची दोन वर्षं तो ती गाडी घेऊन मित्रांबरोबर हिंडला. आमची शेती माण तालुक्यात आहे. तिकडचे रस्ते ज्यांना माहीत आहेत त्यांना धुळीचं वर्णन सांगायला नको. बाकीच्यांना सांगून कळणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात गाडीतून निळा धूर यायला लागला. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. सातारच्या मेस्त्रींनी इंजिन उघडलं. ब्लॉक झिजलेला, पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा गेलेल्या. मेस्त्री शांत माणूस. काही बोलले नाहीत. फिल्टरच्या पलीकडच्या नळीत, म्हणजे जिथं फक्त स्वच्छ हवा असायला हवी तिथं, त्यांनी बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. त्यावर मुरमाची तांबूस पूड होती. पिठाच्या चक्कीत असते तशी मऊ.

झालं असं होतं, की त्या डब्यात झाकणाचं काम फक्त झाकण्याचं नव्हतं. फिल्टरची कड चारी बाजूंनी दाबून धरायचं कामही त्याचंच. मधला तुकडा कापल्यावर झाकणाचा ताठपणा गेला. स्क्रू घट्ट, पण एका बाजूनं कड किंचित उचललेली. नख जाईल एवढी फट. मिनिटाला शेकडो लिटर हवा ओढणाऱ्या यंत्राला नखाएवढी फट म्हणजे दरवाजाच. हवा नेहमी सोपा रस्ता शोधते, फिल्टरमधून कशाला जाईल?

बिल माझ्या पेन्शनच्या अर्ध्या महिन्याएवढं झालं. ते मीच दिलं. बॅटरी मीच धरली होती.

त्यानंतर मात्र मी वाचायला बसलो. कार्यशाळेची पुस्तकं इंग्रजीत असतात. वीरकरांचा कोश शेजारी ठेवला आणि नातवाला फोन करकरून हैराण केलं. जे समजलं त्यातलं मुख्य सांगतो. पुतण्यांनी यातलं एक तरी वाक्य खोडून दाखवावं.

मुठीपासून सुरुवात करतो. आपण मूठ पिळतो म्हणजे काय करतो? इंजिनाकडे जाणाऱ्या वाटेतली एक चकती उघडतो. मूठ हा हवेचा नळ आहे. स्वयंपाकघरातला नळ तुम्ही अर्धाच उघडला असेल, तर गच्चीवरच्या टाकीला येणारा पाइप मोठा करून धार वाढेल का? वाढणार नाही, कारण अडथळा नळाशी आहे. डब्याचं तोंड लहान पडलं तर ते फक्त मूठ पूर्ण पिळलेली आणि इंजिन वरच्या फेऱ्यांत असताना. आता मला प्रामाणिकपणे सांगा, दगडगोट्यांच्या वाटेवर, ओढ्यात, चढावर तुमची मूठ पूर्ण पिळलेली किती वेळ असते? नातवाला विचारलं. म्हणाला, "फारशी नसतेच, आजोबा. पडेन ना." मग बाळा, डबा कुणासाठी कापला?

आता डब्याच्या पोटाकडे येऊ. मला वाटायचं डबा म्हणजे नुसती फिल्टर ठेवायची पेटी. तसं नाही. इंजिन हवा धारेनं ओढत नाही, घोट घेतं. आठ हजार फेऱ्यांना सेकंदाला सदुसष्ट घोट. प्रत्येक घोटाला हवा हिसक्यानं निघते आणि झडप मिटली की आपटून मागं फिरते. डबा हा त्या घोटांसाठी भरून ठेवलेला रांजण आहे. शिवाय डब्याचं पोट आणि तोटीची लांबी-रुंदी यांचा एक सूर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तोच प्रकार. त्यामागचं शास्त्र एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं. कंपनीतला कुणीतरी हे पोट आणि ही तोटी अशा बेतानं जुळवतो, की खालच्या-मधल्या फेऱ्यांत इंजिनाला हवा हात देईल आणि आवाजही बेतात राहील. तोटी उपटली की सूर बदलतो. वर कुठेतरी थोडं मिळालं तरी खाली जायची शक्यता असते, आणि मातीतल्या वाटेवर लागतो तो खालचाच जोर. बासरीची भोकं मोठी केली म्हणून ती जास्त चांगली वाजत नाही.

मग पेट्रोलचा हिशोब. हवेचा रस्ता मोठा केला तर पेट्रोल कोण वाढवणार? पूर्ण जळण्याचं प्रमाण एकास १४.७, पण सर्वांत जास्त ताकद मिळते ती साधारण साडेबारा ते तेराच्या आसपास, म्हणजे पेट्रोल थोडं जास्तच हवं. नुसती हवा वाढली तर मिश्रण पातळ होतं. ताकद वाढायच्या ऐवजी इंजिन तापतं, पिकअप अडखळतो. कार्बुरेटरच्या गाडीला मोठा मेन जेट बसवता येतो. इंजेक्शनच्या गाडीत तो निर्णय एक छोटा संगणक घेतो. शांत चालवताना तो ऑक्सिजनच्या सेन्सरकडे बघून थोडंफार सावरून घेतो, पण पूर्ण मूठ पिळल्यावर बहुतेक गाड्यांत तो आधी आखून दिलेल्या तक्त्यावर चालतो. आणि तो तक्ता न कापलेल्या डब्यासाठी आखलेला असतो! त्यात २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्रास वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, म्हणजे जुन्या तक्त्यावर चालणाऱ्या गाडीचं मिश्रण आधीच किंचित पातळ. त्यात तुमची खिडकी.

पुतण्यांनी पंगतीत अमेरिकेचाही दाखला दिला होता. "अमेरिकेत सगळे कापतात." बरोबर आहे, काही जण कापतात. सुझुकीची डीआर-झेड ४०० एस नावाची गाडी २००० सालापासून २०२४ पर्यंत निघत होती. तिच्या डब्याची तोटी काढून वरच्या बाजूला तीन इंच बाय तीन इंच कापायचं, याला तिकडं "थ्री बाय थ्री" असं नावच पडलंय. पण ते अर्धंच सांगितलं. त्या गाडीला कार्बुरेटर. कापणारे त्याबरोबर जेट बदलतात, सुई बदलतात, प्लगचा रंग बघतात. भोक पाडतात ते फिल्टरच्या अलीकडे, धुळीच्या बाजूला, आणि ते डब्याच्या वर, सीटखाली, चाकाच्या शिंतोड्यांपासून लांब. एवढं करणाऱ्याशी माझं भांडण नाही. त्याला माझा नमस्कार. माझं भांडण त्यातलं फक्त पातं उचलणाऱ्यांशी आहे.

दुसरा दाखला शर्यतीचा. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिलीवहिली शर्यत झाली, ती नातवानं मला नेऊन दाखवली. कानांत बोटं घालून पाहिली, पण पाहिली. त्या उड्या बघून माझ्या जुन्या एम-एटीची आठवण येऊन हसू आलं. तिथल्या गाड्या मोकळ्या श्वासाच्या असतात, हे खरं. पण त्यांच्या इंजिनाचं आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत मोजतात. इतके तास झाले की पिस्टन बदला, असं त्यांच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. सी. एस. संतोष २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. तसल्या रॅलीत वाळवंटातून आल्यावर रोज संध्याकाळी फिल्टर बदलला जातो. आमच्या पोरांना त्यांच्यासारखा आवाज हवा, त्यांच्यासारखी संध्याकाळ नको!

असो. आता मुख्य गोष्ट.

नवीन झाकण आणलं तेव्हा जुनं, कापलेलं झाकण नातवानं टाकलं नव्हतं. २०२४ च्या ऑक्टोबरात, नवीन पिस्टनचं रनिंग-इन संपल्यावर, तो पुन्हा हळूच म्हणाला, "आजोबा, पण पॉवर वाढली होती हं. ते खरंय." मी म्हटलं, मोजू या. आमच्या शेताच्या बांधालगत एक सरळ चढ आहे, खाजगीच वाट. नुकताच पाऊस होऊन गेल्यानं धूळ नव्हती. फिल्टर मी बोटानं चारी कडांनी दाबून, तिथं ग्रीसचं बोट फिरवून बसवला. दोन झाकणं, एक अखंड आणि एक कापलेलं. प्रत्येक फेरीआधी तो पाठ करून उभा राहायचा आणि मी चिठ्ठी काढून त्याप्रमाणे झाकण बसवायचो, वर पॅनेल आणि सीट. कोणतं आहे हे त्याला सांगायचं नाही. आणि आवाजावरून ओळखता येऊ नये म्हणून त्याच्या कानांत कापसाचे बोळे, वर उपरण्याची घडी, वर हेल्मेट. सौभाग्यवती बांधावर बसून हसत होती. दुसऱ्या गिअरात, पूर्ण मूठ, खालच्या बाभळीपासून वरच्या विहिरीपर्यंत. आठ फेऱ्या. घड्याळ माझ्या हातात, वही तिच्या मांडीवर.

प्रत्येक फेरीनंतर त्यानं सांगायचं, कापलेलं की अखंड. आठांपैकी चार बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. घड्याळात कधी कापलेलं पुढं, कधी अखंड. एकाच झाकणाच्या दोन फेऱ्यांत जेवढा फरक पडत होता, तेवढाही दोन झाकणांत दिसेना. आणि चढाच्या सुरुवातीला, जिथं इंजिन खालच्या फेऱ्यांतून उचलतं, तिथं त्यानं ज्या दोन वेळा "ही जरा बरी ओढते" म्हटलं, त्या दोन्ही वेळा झाकण अखंड होतं.

मग मी त्याला बोळे काढायला सांगितले आणि आणखी चार फेऱ्या मारायला लावल्या. चारही बरोबर ओळखल्या. आणि कापलेल्या झाकणाची फेरी मारून आला की तोंडभर हसत, "आजोबा, हीच जोरात आहे!" मी वही त्याच्यापुढं धरली. बराच वेळ बघत राहिला. मग काही न बोलता स्क्रूड्रायव्हर घेऊन अखंड झाकण बसवायला लागला.

पुतणे म्हणतील, हातातल्या घड्याळानं काय कळतं, डायनोवर मोजायला पाहिजे. अगदी मान्य. घेऊन या डायनोचा कागद. पण अट एकच, कापण्याआधीचा आणि कापल्यानंतरचा, दोन्ही हवेत. आजवर डबा कापलेल्या नऊ जणांना मी विचारलं. एकाकडेही कागद नव्हता. सगळ्यांकडे आवाज होता. वर्गात सर्वांत मोठ्यानं ओरडणाऱ्या मुलाला उत्तर येत असतं असा माझा अनुभव नाही.

त्या आवाजाचंही एक सांगायचं राहिलं. "कंपनीनं नियमांसाठी गळा आवळलाय" असं म्हणताना तो नियम म्हणजे कुणाचा तरी दुष्टपणा असल्यासारखं बोललं जातं. अहो, तो नियम माझा आहे. आमच्या गल्लीत पलीकडच्या घरी एक आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचा आहे. दुपारी दोनला जेमतेम डोळा लागलेला असतो आणि कुणाचा तरी मोकळा झालेला गळा खिडकीखालून जातो. नातवाची गाडी त्या दोन वर्षांत अशी कितीदा गेली असेल त्याचा हिशोब मी केलेला नाही. आजींच्या सुनेनं एकदाही तक्रार केली नाही, मास्तरांचा नातू म्हणून.

पंगतीतल्या त्या मुलाला मी परवा फोन केला. त्यानं अजून कापलेलं नाही. येत्या रविवारी तो सातारला येतोय, त्याला वही दाखवणार आहे आणि चढही. पुतण्यांनाही आमंत्रण आहे. कापलेलं झाकण माझ्या टेबलावर आहे. त्याच्या खिडकीत हल्ली मी पेनं उभी करून ठेवतो. कापूस आपापला आणावा.